पिट्सबर्ग, २०१८ची दिवाळी आणि दारातलं स्वस्तिक

ठिपका

खूप दिवस लिहायचं होतं, दरवर्षी दिवाळी आली की आठवतं आणि राहून जातं. आज लिहूनच टाकते, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तेव्हाही इथेच, अमेरिकेत पिट्सबर्गला स्क्विरल हिलमध्ये भाड्याने राहायचो. ज्यू लोकांची जुनी वस्ती, पण युनिव्हर्सिटी जवळ असल्यामुळे आपले लोकही भरपूर. आमच्या मजल्यावर दोनच घरं, आमचं आणि समोर एका आजींचं. त्यांच्या चौकटीला उजव्या हाताला तिरकी ठोकलेली छोटीशी डबी, मेझुझा म्हणतात तिला, आत चर्मपत्रावर प्रार्थना लिहिलेली असते, येताजाता त्या डबीला बोटं लावून बोटं ओठांना लावायच्या. आपण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो ना, तसंच काहीसं.

२७ ऑक्टोबर २०१८, शनिवार. त्या संध्याकाळी आमच्याकडे कोजागिरी ठेवली होती (पौर्णिमा बुधवारीच झालेली, पण इथे सगळं वीकेंडला). मी बदाम सोलत बसले होते, बाहेर रिपरिप पाऊस, दहाच्या सुमारास सायरन सुरू झाले ते थांबेचनात. मग फोनवर फोन. विल्किन्स अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) कोणीतरी बंदूक घेऊन शिरलाय, दारं बंद करून घरात बसा. एका इमारतीत तीन मंडळींची प्रार्थना चालायची, ट्री ऑफ लाइफ, न्यू लाइट आणि डोर हदाश. ११ माणसं गेली. सगळ्यात लहान ५४ वर्षांचे, सगळ्यात मोठ्या आजी ९७ वर्षांच्या. त्यातले दोघे सख्खे भाऊ होते, येणाऱ्याजाणाऱ्याचं दारात स्वागत करणारे, सगळी वस्ती त्यांना ओळखायची.

आता जे सांगायचंय ते हे. समोरच्या आजी शब्बाथ कडक पाळायच्या. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत फोन नाही टीव्ही नाही दिव्याचं बटण नाही. गुडघा दुखत होता म्हणून त्या दिवशी प्रार्थनेला गेल्या नव्हत्या. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या माणसांवर हे झालं, साऱ्या जगाला कळलं, आणि आजींना पत्ताच नाही. मी त्यांच्या दाराशी पाचेक मिनिटं तरी नुसती उभी होते, हाताला सोललेल्या बदामांचा ओशटपणा तसाच. बेल वाजवायची नसते शब्बाथला, म्हणून हळूच टकटक केलं. त्यांनी दार उघडलं, मागे टेबलावर शुक्रवारच्या दोन मेणबत्त्यांचं मेण गळून थिजलेलं दिसत होतं. काय बोलले आठवत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, कुठल्या सिनेगॉगला. मग खुर्चीवर बसल्या आणि एकेक नाव घेऊ लागल्या, आज कोण कोण गेलं असेल त्याची नावं.

कोजागिरी अर्थातच झाली नाही. दूध फ्रिजमध्ये राहिलं.

पुढच्या आठवड्यात मी बरंच शिकले. त्यांच्यात शिवा असतो, सात दिवस, आपल्या सुतकासारखंच, घरातली माणसं खाली बुटक्या स्टुलावर बसतात, आरसे झाकतात, भेटायला जाणाऱ्याने आधी बोलायचं नाही, दुःखातल्या माणसाने सुरुवात केली तरच बोलायचं. त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात. मी खिचडी करायला घेतली होती पण आजी म्हणाल्या आमचं कोशर (धर्माचे खाण्यापिण्याचे नियम), तुझ्या भांड्यातलं चालणार नाही, तू अख्खी फळं आण, न चिरलेली. मग सात दिवस मी त्यांच्याबरोबर घरोघरी संत्री आणि सफरचंदं घेऊन फिरले.

आणि बरोब्बर ११ दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन.

दरवर्षी मी दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठिपक्यांची रांगोळी, लक्ष्मीची पावलं आणि मधे स्वस्तिक काढायचे. आई काढायची, तिची आई काढायची. त्या दिवशी चिमटीत रांगोळी घेऊन उकिडवी बसले आणि समोर बघितलं तर सहा फुटांवर आजींचं दार आणि ती तिरकी डबी. हात पुढे जाईना. आजींच्या आईच्या माहेरचं पोलंडमधलं एक माणूस उरलं नव्हतं हे मला माहीत होतं. फक्त पावलं काढली आणि आत आले. स्वस्तिक देवघरापुढे पाटावर काढलं.

दुसऱ्या दिवशी आजींनीच विचारलं, या वर्षी तुझं ते चिन्ह नाही काढलंस? मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, पहिल्या वर्षी दाराच्या भोकातून बघून मी रात्रभर जागी होते, सकाळी बघितलं तर तुझी पोरगी त्यावर पणती ठेवत होती, मग मी आमच्या धर्मगुरूंना, रब्बायना विचारलं, त्यांनी सांगितलं की हे त्यांचं हजारो वर्षांचं शुभचिन्ह आहे. सहा वर्षं त्या गप्प होत्या. मी दिवाळीचा फराळ म्हणून सीलबंद काजूचा डबा द्यायचे तेव्हाही गप्प.

तेव्हापासून मी स्वस्तिक उंबऱ्याच्या आतच काढते. बरोबर की चूक मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्याकडे कोणाला असा अनुभव आलाय का? शेजारच्या माणसांवर असं काही कोसळलं तेव्हा तुम्ही, तुमच्या मंडळाने, देवळाने काय केलं?

---

सह्याद्रीचा_वारा

लेख मनापासून आवडला, वाचताना गलबलून आलं. पण शेवटचं पटलं नाही ताई. चोरी हिटलरने केली आणि लपवायचं आपण? नाझींचं ते ४५ अंशात तिरकं, लाल कापडावर पांढऱ्या गोलात काळं, त्याला ते स्वतः हाकेनक्रॉइत्स म्हणायचे, म्हणजे हुकासारख्या टोकांचा क्रूस, स्वस्तिक हा शब्दसुद्धा त्यांचा नाही. आपण आत काढायला लागलो तर उद्या आपली मुलं म्हणतील की काहीतरी लपवण्यासारखंच असणार. आजींनी स्वतः हून विचारलं ना, मग काढा की बाहेर.

---

मेलबर्नची_मावशी

वाऱ्याशी निम्मी सहमत. आमच्याकडे व्हिक्टोरिया राज्यात २०२२ साली नाझी चिन्ह जाहीरपणे दाखवण्यावर बंदीचा कायदा आला, ऑस्ट्रेलियातलं पहिलंच राज्य. कायदा येणार म्हटल्यावर आमच्या सत्संगातल्या बायका घाबरल्याच होत्या, गाडीवरचं स्वस्तिक खरवडायचं का, नव्या घराच्या वास्तुशांतीला काय करायचं. पण ज्यू संघटना आणि हिंदू संघटना आधीपासून एकत्र बसल्या होत्या, आणि हिंदू बौद्ध जैन लोकांच्या धार्मिक वापराला सूट कायद्यातच लिहिली गेली. ज्यांच्या आजीआजोबांना त्या चिन्हाखाली मारलं तीच माणसं म्हणाली की यांच्या स्वस्तिकाला हात लावू नका. तिकडे कॅलिफोर्नियातही २०२२च्या कायद्यात स्वस्तिक आणि नाझी हाकेनक्रॉइत्स वेगळं केलंय. आणि त्याच्याही आधी २००८ला जेरुसलेमला हिंदू आणि ज्यू धर्मगुरूंची बैठक झाली होती तिच्या निवेदनातही हे आहे.

फक्त कायदा वेगळा आणि सहा फुटांवरचं दार वेगळं. मी तुझ्या जागी असते तर मीही पावलंच काढली असती गं.

---

प्रश्नचिन्ह

मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका. गाझात लहान लहान मुलं मेली, त्यावर कोणी धागा काढला की लगेच भांडणं होतात आणि तो बंद पडतो. आणि आपल्याकडे मुंबई पुण्यात मुसलमान माणसाला सोसायटीत भाड्याने घर मिळत नाही, हे मी माझ्या मित्रासाठी घर शोधताना स्वतः बघितलंय, नाव ऐकलं की ब्रोकरचा फोन लागत नाही. मग ज्यूद्वेषाबद्दल मराठीत एवढं हळवं व्हायचं कशासाठी? सगळ्यांसाठी असेल तर मी आहे.

---

ठिपका

@प्रश्नचिन्ह, राग कशाला, सगळ्यांसाठीच आहे. पिट्सबर्गला सगळ्यात आधी कोण धावलं सांगते.

त्या शनिवारीच मुसलमान संघटनांनी इंटरनेटवर निधी सुरू केला, मयतांच्या अंत्यविधीसाठी आणि जखमींसाठी, थोड्याच दिवसांत दोन लाख डॉलरच्या वर जमले. रविवारी सोल्जर्स अँड सेलर्स हॉलमध्ये सर्वधर्मीय सभा होती, आत जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेर पावसात, आम्ही पण बाहेरच होतो स्पीकरवर ऐकत. तिथल्या इस्लामिक सेंटरचा तरुण पदाधिकारी उभा राहिला आणि त्याने भाषण केलंच नाही म्हणा ना, त्याने विचारलं की तुम्हाला काय हवंय ते सांगा, पैसे हवेत तर सांगा, पुढच्या प्रार्थनेला दाराबाहेर माणसं उभी हवीत तर आम्ही उभे राहू, एकट्याने वाणसामान आणायला भीती वाटत असेल तर आमचं कोणीतरी बरोबर येईल. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते डोक्यावर किप्पा (ज्यूंची छोटी टोपी) घातलेले, ते हुंदके देऊन रडत होते.

आणि ११ जणांना मारणारा ज्या इस्पितळात नेला तिथे त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ज्यू होते, इस्पितळाचा प्रमुखही ज्यू.

मग पाचच महिन्यांत, १५ मार्च २०१९ला, न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. पिट्सबर्गच्या ज्यू लोकांनी लगेच त्यांच्यासाठी निधी उभा केला. आणि न्यूझीलंडमधल्या सिनेगॉगांनी त्या शनिवारी दारं बंद ठेवली. शब्बाथला सिनेगॉग बंद म्हणजे काय ते आजींच्या शेजारी राहिल्यावरच कळतं.

तुम्ही म्हणता ते घराचं अगदी खरं आहे, मी मान्य करते, आणि ते लिहाच, वेगळा धागा काढा, मी येईन. पण एकाचं दुःख बोलायला दुसऱ्याचं गप्प करावं लागतं असं मला नाही वाटत. ऑक्टोबर २०२३मध्ये शिकागोजवळ एका सहा वर्षांच्या पॅलेस्टिनी वंशाच्या मुलाला घरमालकाने भोसकून मारलं, तेव्हा सगळ्यात आधी आजींचा फोन आला होता मला. त्यांना बोलवत नव्हतं.

---

जर्सीकाका

ठिपकाताई, एक मुद्दा राहिलाय तो घालतो कारण आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही.

तो माणूस त्या सिनेगॉगमध्ये का गेला? हायस नावाची ज्यू लोकांची संस्था आहे, आधी ज्यू निर्वासितांना मदत करायची, आता कुठल्याही धर्माच्या निर्वासितांना करते. डोर हदाश मंडळी त्या संस्थेच्या कार्यक्रमात भाग घ्यायची. गोळीबाराच्या काही मिनिटं आधी त्याने लिहिलं होतं की हायस आमच्या देशात घुसखोर आणतेय. म्हणजे घुसखोर कोण, तर बाहेरून आलेले, सावळे, तुम्ही आम्ही. ज्यू आपल्यासारख्यांना आत आणतात म्हणून त्याने ज्यूंना मारलं. राग आपल्यावर आणि गोळी त्यांना, एवढं जरी आपल्या मंडळातल्या लोकांना कळलं तरी हे आपलं नाही असं कोणी म्हणणार नाही.

मी १९८०च्या दशकात जर्सी सिटीत आलो. १९८७ला तिथे डॉटबस्टर्स नावाची टोळी निघाली होती, डॉट म्हणजे आपल्या बायकांचं कुंकू. पेपरला उघड पत्र पाठवलं होतं त्यांनी, भारतीयांना शहराबाहेर काढणार म्हणून. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनला पोरांच्या टोळक्याने नवरोज मोदी नावाच्या तरुणाला मारून मारून जीव घेतला, तो तर पारशी होता. माझी बायको तेव्हा कामावरून येताना बसमधून उतरण्याआधी कुंकू पुसायची, घरी येऊन आरशात बघून परत लावायची. ते मी कसं विसरू. २०१२ला ओक क्रीकला गुरुद्वारात लोक मारले. २०१७ला कॅन्ससला श्रीनिवास कुचिभोतलाला मारलं, इराणी समजून.

मारणारा नाव गाव धर्म विचारत बसत नाही हो.

---

जुनी_वही

+१ काका.

मी इथे डोंबिवलीत बसून एक आपल्या घरातलं सांगते. स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या पथारीवर हिटलरच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, यश कसं मिळवावं, श्रीमंत कसं व्हावं आणि हे. कॉलेजातली पोरं घेतात. मी शिकवते, दरवर्षी वर्गात विचारते आवडता नेता कोण, दोन तीन हात तरी या नावाला वर येतातच. का विचारलं तर शिस्त, देशप्रेम, एकट्याने देश उभा केला. ६० लाख ज्यू मारले हे माहीत असतं पण ते परीक्षेतल्या आकड्यासारखं. आणि मोठी माणसंही सहज बोलतात ना, आमचे बाबा म्हणजे अगदी हिटलर.

२००६ला खारघरला त्याच्या नावाने रेस्टॉरंट निघालं होतं, आत त्याचं पोस्टर. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी जाऊन समजावलं, काही दिवसांत नाव बदललं. मालकाचा ज्यूंवर राग होता असं नाही, त्याला फक्त लक्षात राहणारं नाव हवं होतं. मला तेच जास्त लागतं. आपल्याकडे द्वेष नाही म्हणून आपण छाती फुगवतो पण माहितीही नाही त्याचं काय.

आता मी वर्गात आकडा सांगत नाही. ठाण्याच्या सिनेगॉगचा फोटो दाखवते, १८७९चा आहे, तुमच्या लोकलच्या रस्त्यावर आहे, तिथे जाणाऱ्या बाईंचं आडनाव पेणकर असू शकतं आणि त्या तुमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात असं सांगते. वर्ग एकदम शांत होतो.

---

शनिवारतेलीची_नात

नेहमी वाचनमात्र असते. आज लिहावंच लागलं.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. आजोळ अलिबागला इस्राएल आळीत. आमचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या असं घरी सांगतात, पुढे कोकणात तेलाचा घाणा चालवला आणि शनिवारी बंद ठेवला म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. गावाने नाव ठेवलं ते चिडवायला नाही, ओळखायला.

एक मजेची गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. आम्ही जुने लोक सिनेगॉगला मशीद म्हणतो. मुंबईत मांडवीला १७९६चं आमचं पहिलं सिनेगॉग आहे तिला जुनी मशीद म्हणतात. आणि पुण्यात डेव्हिड ससूनने बांधलेलं ओहेल डेव्हिड, त्याला सगळं पुणं लाल देऊळ म्हणतं. म्हणजे एकाच प्रार्थनेच्या घराला मुंबईने मशीद म्हटलं आणि पुण्याने देऊळ, आणि आम्हाला दोन्ही चाललं. भायखळ्याच्या मागेन डेव्हिडच्या आवारात ज्यूंनी काढलेल्या शाळा आहेत तिथे आज बहुतेक मुलं मुसलमान आहेत. आमची आजी एलियाहू हनाबीचा (एलिया प्रेषिताचा) मलिदा करायची, पोहे गूळ खोबरं आणि वर फळं, तो आळीत सगळ्या घरी जायचा, पलीकडच्या मोहल्ल्यातही. आम्हाला या देशात कोणी आमच्या धर्मासाठी मारलं नाही ही गोष्ट आमची माणसं इस्राएलला जाऊनही सांगतात.

मग २००८ आलं. मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रात आमची माणसं बाहेरून आलेल्यांनी मारली. त्यानंतर सिनेगॉगच्या दारात पोलीस, बॅगा उघडा, ओळखपत्र दाखवा. मला आठवतं मी आईला म्हटलं आपल्याच मशिदीत आपलं ओळखपत्र? पण तेव्हाची अजून एक गोष्ट मी माझ्या मुलांना मुद्दाम सांगते. मुंबईच्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने हल्ल्यात मेलेल्या त्या नऊ अतिरेक्यांना बडा कबरस्तानात जागा दिली नाही, ज्यांनी निरपराधांना मारलं ते आमचे नाहीत म्हणून. आणि नरिमन हाउसमध्ये मारल्या गेलेल्या रब्बाय दांपत्याच्या दोन वर्षांच्या मोशेला कडेवर घेऊन बाहेर पळाली ती त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युअल, ज्यू नव्हती ती.

@प्रश्नचिन्ह, तुमचं म्हणणं मला कळतं, गाझाची मुलं बघून माझंही पोट तुटतं. फक्त एवढं करा, तिकडच्या सरकारचा जाब ठाण्यातल्या माझ्या आत्याला विचारू नका. गेल्या दोन वर्षांत रिक्षात, ऑफिसात, मुलीच्या वर्गात तो विचारला गेलाय. मुलीने एकदा घरी येऊन विचारलं, आई मी आडनाव एवढंच सांगू का, पहिलं नाव नको सांगायला? आडनाव आमचं गावावरून, 'कर' वालं, त्यातून काही कळत नाही ना. त्या दिवशी जर्सीकाकांच्या बायकोसारखंच झालं आमच्या घरात.

@ठिपका ताई, स्वस्तिकाचं सांगू? आमच्या शेजारच्या काकूंच्या दारात माझ्या जन्मापासून आहे, मला त्याची कधीच भीती वाटली नाही, कारण आधी काकू माहीत होत्या. पण तुमच्या आजींना आधी ते दुसरं माहीत होतं. तुम्ही त्या सहा फुटांकडे बघितलंत, तेवढं पुरे मला.

---

प्रश्नचिन्ह

@शनिवारतेलीची_नात, तुमच्या मुलीचं वाचून काही सुचेना. माझ्या मित्रालाही नाव लपवूनच घर शोध असं मीच सुचवलं होतं, त्याने नाही लपवलं. तुमच्या आत्यांना कोणी विचारलं असेल तर माफ करा, तसं बोलणाऱ्यांत मी असू शकलो असतो.

वेगळा धागा काढतो घरांचा. तुम्ही सगळे या.

---

सह्याद्रीचा_वारा

माझं मत तेच आहे की स्वस्तिक लपवू नये. पण ताईंनी लपवलं म्हणणं माझं चुकलं, ते मागे घेतो. आमच्या मंडळाच्या गणपतीत या वर्षी शेजारच्या लाल देवळातल्या मंडळींना आरतीला बोलवायचा विचार आहे, पुण्यात कॅम्पजवळच राहतो आणि ४० वर्षांत एकदाही आत गेलो नाही.

---

शनिवारतेलीची_नात

मूर्तिपूजा आमच्यात नसते, आरतीला उभं राहणं काहींना अवघड जाईल. आधी तुम्ही या ना, ओळखपत्र बरोबर ठेवा आणि आधी फोन करा म्हणजे गेटवर अडणार नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमालही चालतो.

ताई, त्या आजी आता कशा आहेत?

---

ठिपका

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले.

आजी २०२१ला मुलीकडे क्लीव्हलंडला गेल्या. त्यांच्या जागी भूतानहून आलेलं नेपाळी कुटुंब आलंय. पिट्सबर्गला भूतानी निर्वासित खूप आहेत, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना इथे वसवायला ज्यूंच्याच संस्थेने मदत केली. त्यांची तिहार म्हणजे आपली दिवाळीच, त्या बाई अख्खा कॉरिडॉर रंगवतात आणि मधोमध स्वस्तिकही काढतात. मी अजून उंबऱ्याच्या आतच काढते, सवय म्हणा. मेझुझा आजींनी बरोबर नेली पण चौकटीवर खिळ्यांची दोन तिरकी भोकं आहेत, बुजवू का असं त्या नेपाळी बाईंनी विचारलं तर मी नको म्हटलं.

मलिद्याचं ऐकून आजी खूश होतील. पोहे गूळ खोबरं, चूल नाही काही नाही, त्यांच्याच भांड्यात कालवला तर त्यांना चालेल का ते विचारायला हवं. आज शुक्रवार आहे, इथे सव्वातीन वाजलेत, सूर्य मावळायच्या आत फोन करावा लागतो, नंतर त्या उचलत नाहीत. करतेच.